पाणी कुठेतरी मुरतंय

माझी 31 वर्षांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. त्यातली शेवटची 12 वर्षं गळतीच्या टेबलावर. धरणातून किती पाणी निघालं आणि बिलात किती उमटलं, यातला फरक मी दर महिन्याला लाल शाईने लिहायचो आणि पुढे पाठवायचो. ते पाणी नेमकं कुठे गळतं हे शोधायचं काम दुसऱ्या टेबलाचं होतं. त्या टेबलावर माझ्या माहितीत कधी कोणी बसलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही मालवणजवळ देवबागला गावच्या घरी आलो. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांनी धरून ठेवलेली जमिनीची पट्टी. अशा ठिकाणी राहून होडी नसणं म्हणजे पुण्यात राहून स्वतःचं मत नसण्यासारखं. म्हणून मे महिन्यात मी एक जुनी होडी घेतली. 18 फुटी, फणसाच्या फळ्यांची, मागे आउटबोर्ड इंजिन लावायची सोय. मालकाने ती दोन वर्षं माडाखाली पालथी घालून ठेवली होती. "एक थेंब येत नाही आत," असं तो म्हणाला. दोन वर्षं कोरड्यावर असलेल्या होडीत थेंब कुठून येणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही. गळतीच्या टेबलावरच्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत, म्हणून तर त्याला तिथे 12 वर्षं ठेवतात.

रंगरंगोटी मी स्वतः केली. नाव द्यायची वेळ आली तेव्हा बायकोचं नाव दिलं. तसं न करण्याचे परिणाम मला माहीत होते. सागवानी पाटीवर तिचं नाव कोरून आणलं, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, डाव्या बाजूला ठोकलं, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी खाडीत लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निम्मी पाण्यात आणि पाणी निम्मं होडीत होतं.

मेस्त्री आला. या माणसाने आयुष्यभर होड्या बांधल्या. आता नव्या सगळ्या फायबरच्या होतात, म्हणून तो जुन्यांची डॉक्टरकी करतो. त्याने होडीकडे पाहिलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "सायबानू, ती तानेली आसा. पिवंदे."

म्हणजे होडी तहानलेली आहे, तिला पिऊ दे. हे ऐकायला काव्य वाटतं, पण आहे शुद्ध शास्त्र. लाकूड वाळलं की आकसतं, फळ्यांमधल्या फटी उघडतात. पाण्यात ठेवलं की फळ्या फुगतात आणि एकमेकींना दाबून बसतात. दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी उपसलं. त्यासाठी गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापला होता. जगातली सगळी पैसेवाली माणसं एकत्र आली तरी होडीतलं पाणी उपसायला याहून चांगलं साधन काढू शकणार नाहीत. तिसऱ्या दिवशी होडी खरंच गप्प बसली. जवळजवळ. रोज सकाळी मागच्या बाजूला, इंजिनाखाली, दोन तांबे पाणी मात्र असायचंच.

दोन तांबे काही फार नव्हे. शेजारच्या ट्रॉलरचा तांडेल तर म्हणाला की त्याच्या बोटीत पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो, तिथल्या पॅकिंगमधून इंजिन चालू असताना थेंब पडलेच पाहिजेत. नाही पडले तर पॅकिंग तापतं, मग शाफ्ट खराब होतो. नियमाने गळायची मुभा असलेली जागा पाहून मला कचेरीची आठवण झाली. पण माझ्या होडीला तसला शाफ्टच नव्हता. मग हे दोन तांबे कुठून?

शिवाय एक डाग होता. बाहेरच्या अंगाला, नाळेपासून हातभर मागे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, गंजाचा तांबूस ओघळ. मी तो लिंबू आणि मिठाने घासला. साफ गेला. चौथ्या दिवशी परत. मग आमसुलाचं आगळ लावून पाहिलं. तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आता थोडी मोहरी फेसून घाला, म्हणजे वर्षभर टिकेल."

शास्त्रशुद्ध शोध घ्यायचं ठरवलं. आधी होडी आतून पुसून कोरडी केली आणि तळाला सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली. पाणी जिथून शिरेल तिथे पावडरीत वाट उमटेल, असा हिशेब. रात्री पाऊस पडला. सकाळी होडीच्या तळाला सुगंधी खीर तयार होती आणि घरात पावडरीचा डबा कोणी संपवला याची चौकशी चालू होती.

मग चव. समुद्राचं पाणी खारं, पावसाचं गोडं, म्हणजे चाखलं की चोर कळलाच. डिझेल, मासळी आणि टाल्कम यांच्या मिश्रणात बोट बुडवून मी ते जिभेला लावलं. गोडं! मी धावतच मेस्त्रीकडे गेलो. "पावसाचं आहे! फळी गळत नाही!"

"सायबानू," मेस्त्री म्हणाला, "श्रावणात खाडीच गोडी आसता."

खरंच. पावसाळ्यात कर्ली वरून एवढं पाणी आणते की खाडीचं पाणी गोडसरच होतं. चोर आणि साव दोघांची चव एकच. मी घरी येऊन तीन वेळा चुळा भरल्या.

तिसरी युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची आणि आतच पाणी भरायचं. मग जिथून बाहेर येईल तिथूनच आत येत असणार. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात नीळ घातली. विहिरीवरून 40 बादल्या आणल्या. हातात खडू घेऊन मी बाहेरच्या बाजूने जिथे निळा थेंब दिसेल तिथे फुली मारत सुटलो. सतरा फुल्या झाल्या. अठरावी मारणार तेवढ्यात मेस्त्री लांबून ओरडत आला.

"होडी काय पिंप आसा? फोडशात तिका!"

त्याचं म्हणणं मग त्याने शांतपणे समजावलं. पाण्यात असताना बाहेरचं पाणी फळ्यांना आत दाबतं, म्हणून त्या घट्ट राहतात. किनाऱ्यावर तुम्ही आत पाणी भरलंत की उलटा दाब येतो आणि बाहेर टेकवायला काही नसतं. पंधरा लिटरची एक बादली, अशा 40, म्हणजे 600 किलो. एवढ्या वजनाची आठ-नऊ माणसं मी होडीच्या पोटात उभी केली होती आणि ती आतून ढकलत होती. जिथे गळत नव्हतं तिथेही आता गळायला लागलं होतं. सतरातल्या निम्म्या फुल्या माझ्याच कर्तबगारीच्या होत्या.

पुढचा आठवडा त्या फटी बुजवण्यात गेला. पातळ छिन्नीने जुना भराव खरवडायचा, सुती कापसाची वळी करून ती फटीत ठासायची, आणि वरून राळ आणि तेलाचा लेप. तीन तासांनी माझ्या हाताला फोड आले आणि मेस्त्रीच्या विडीची राखही पडली नव्हती. मला सिंधुदुर्ग किल्ला आठवत होता. महाराजांनी 1664 साली त्याचं काम सुरू केलं आणि पायाला शिसं ओतलं. साडेतीनशे वर्षं लाटा खातोय. मी मात्र 18 फुटांशी झुंजत होतो. अर्थात किल्ल्याला तरंगायचं नव्हतं, ही सवलत धरली पाहिजे.

या कामात मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. मेस्त्री खिळ्यांची तपासणी करायचा तेव्हा. छोट्या हातोडीने एकेक फळी ठोकत जायचा. टण वाजलं की पुढे. धप्प वाजलं की थांबून चाकूचं टोक टोचायचा. लोखंडी खिळा गंजतो तेव्हा फुगतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. मग तो आजूबाजूच्या लाकडाला चिरतो आणि त्या चिरेतून पाणी आणखी आत जातं, म्हणजे आणखी गंज. टोक आत शिरलं नाही तर मेस्त्री म्हणायचा, "कापो," म्हणजे घट्ट. रुतलं तर, "बरको," म्हणजे मऊ. फणसाच्या फळ्यांची परीक्षा फणसासारखीच. दोन खिळे बरके निघाले, ते त्याने बदलले.

होडी परत पाण्यात. दोन दिवस पिण्याचे. आणि नंतर रोज सकाळी दोन तांबे.

आता मी संशयी झालो. इंजिनाखालची फळी मी बोटांनी चाचपायचो, कान लावायचो, रात्री बॅटरी घेऊन जायचो. पाणी मागे दिसतं, म्हणजे भोक मागेच असणार, यावर माझा ठाम विश्वास होता. मेस्त्री मात्र नुसताच हसायचा आणि विषय बदलायचा. एकदा म्हणाला, "पाणी दिसता थय नसता, सायबानू." मला ते तत्त्वज्ञान वाटलं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बायको पहिल्यांदा खाडीवर आली. एवढ्या दिवसांत ती होडीजवळ फिरकली नव्हती. किनाऱ्यावर उभी राहून तिने आपलं नाव निरखून पाहिलं.

"माझ्या नावाखाली हे काय? कोणी पान खाऊन थुंकल्यासारखं?"

मी पाहिलं. ओघळ अर्थातच तोच होता, लिंबू आणि आमसुलाचा मानकरी. पण मी नेहमी त्याचं खालचं टोक पाहत आलो होतो, कारण घासायला तेच हाताला यायचं. वरचं टोक पाटीच्या खालच्या कडेपाशी निघत होतं. ती पाटी मी चार लोखंडी खिळ्यांनी ठोकली होती. तीन इंची. पितळेचे महाग वाटले म्हणून.

पाटी काढली. मागे चिखलासारखी काळी ओल. फणसाच्या फळीची जाडी तीन इंचांच्या बरीच आत असल्यामुळे खिळ्यांची टोकं आत निघाली होती, नेमकी पुढच्या फळकुटाच्या पाठीमागे, जिथे माझी बॅटरी कधी पोचली नाही. खिळे मध्येच चाटून कंबर काढल्यासारखे बारीक झाले होते. पाऊस आणि लाटांचे शिंतोडे पाटीमागे साठायचे, खिळ्यांच्या कडेने आत उतरायचे आणि फासळ्यांच्या खालून मागे पळायचे, कारण इंजिनाच्या वजनाने होडी मागे कलत होती.

मेस्त्रीने चारही भोकांत लाकडी मेखा ठोकून राळ भरली. पंधरा मिनिटं लागली. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"पयल्याच दिवशी."

"मग बोललात का नाही?"

त्याने माझ्याकडे न बघता बायकोकडे पाहून मान खाली घातली. "वहिनीच्या नावाक हात कोण लावतलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी कोरडी. तिसऱ्या दिवशीही. मी घरी येऊन आनंदाने सांगितलं की आता पाटी नको, पेंटरकडून नाव थेट फळीवर रंगवून घेऊ.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "माझं नाव काढलं आणि गळती थांबली, हे एव्हाना सगळ्या देवबागला कळलंय. आता तुमचं घाला. परत गळलीच, तर तुमच्या नावाने गळू दे."

पेंटर उद्या येतोय. एका अक्षराचे पन्नास रुपये म्हणतो. माझं नाव सहा अक्षरी आहे.