कराडची सबुरी, दिल्लीची सबुरी: यशवंतराव चव्हाणांविषयी थोडेसे

दरवर्षी १२ मार्च, म्हणजे यशवंतराव चव्हाणांची जयंती, जवळ आला, की आमच्या भागातल्या शाळांमधून तीच एक गोष्ट पुन्हा ऐकू येते. गुरुजींनी मुलांना विचारले की पुढे कोण होणार, तेव्हा प्रत्येकाने कुणा थोर पुरुषाचे नाव घेतले आणि एकट्या यशवंताने सांगितले, की मी यशवंतराव चव्हाण होणार. सातवीत असताना हीच गोष्ट हातवारे करून सांगितल्याबद्दल मला कंपासपेटी मिळाली होती, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र वय वाढले तसे मला वाटू लागले, की या गोष्टीमुळे जन्मापासूनच स्वतःविषयी निःशंक असलेला एक माणूस आपल्यासमोर उभा राहतो, आणि प्रत्येक पाऊल चाचपून टाकणारा, वादळ ओसरेपर्यंत थांबू शकणारा खरा माणूस तिच्यामागे झाकला जातो.

त्यांचा जन्म १९१३ सालचा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावातला. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले, आणि जन्मघर एका जिल्ह्यात तर कराडची समाधी दुसऱ्या जिल्ह्यात अशी वाटणी होऊन बसली. (दोन्हीकडचे लोक त्यांना ‘आमचे साहेब’ म्हणतात, आणि या वादात कुणी पडू नये.) वडील कोर्टात बेलिफ होते, ते प्लेगमध्ये गेले आणि आई विठाईंनी ओढगस्तीत मुले वाढवली. १९३२ साली झेंडा लावल्याबद्दल शाळकरी यशवंताला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा माफी मागितली तर सुटका होईल असे त्या माउलीला सुचवण्यात आले होते. अक्षरओळख नसलेल्या विठाईंनी मुलाला माफी मागू नकोस असे बजावले.

१९४२ च्या चळवळीत ते भूमिगत होते. त्याच वर्षी जूनमध्ये लग्न झालेले, आणि पहिल्या संक्रांतीला वेणूताई पोलिसांच्या कोठडीत, असा तो काळ होता. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, आणि त्यातूनच पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. यशवंतराव मात्र १९४६ च्या निवडणुकीतून मुंबईच्या विधानसभेत गेले. एकाच मातीतल्या या दोन वाटा अकरा वर्षांनी एकमेकींसमोर कशा उभ्या ठाकल्या, हे पाहिल्याशिवाय यशवंतराव समजत नाहीत असे माझे मत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५५ च्या अखेरीस फलटणच्या सभेत त्यांनी महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंना निवडू, अशा अर्थाची भूमिका घेतली. त्यानंतर ज्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, त्या आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडूनही मी ऐकल्या आहेत. माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्र समितीचे होते आणि यशवंतरावांचे नाव निघाले की ते पानाची पिंक टाकून विषय बदलत. मुंबईत १०५ माणसे गोळ्यांना बळी पडली होती, तेव्हा हा राग समजण्यासारखाच होता. अशा वेळी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते ज्या मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, ते राज्य त्यांच्याच माणसांना नको होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, सातारा लोकसभेवर समितीचे नाना पाटील निवडून आले, आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून थोडक्यात वाचले.

यानंतरची तीन वर्षे मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत मोलाची वाटतात. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा वाटेवर समितीने प्रचंड निदर्शने केली. ती शांततेत पार पडली, आणि लोकांचे मन काय आहे हे पंतप्रधानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. यशवंतरावांनी राजीनाम्याचे नाट्य केले नाही की विरोधकांना शत्रू ठरवले नाही. द्वैभाषिक राज्य त्यांनी मन लावून चालवले आणि ते चालणारे नाही, हे दिल्लीला आतल्या बाजूने पटवले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले त्यात समितीच्या लढ्याचा वाटा मोठा आहे, याविषयी दुमत नाही, पण दार आतून उघडणारा हातही लागतो. महार वतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा, गरीब मुलांना फी माफी, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, आणि त्याच वर्षी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. माझे वडील ज्या सवलतीवर शिकले, ती याच काळातली. आजोबांनी ते कधी मोकळेपणी कबूल केले नाही, ही गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले, त्यांच्या जागी यशवंतराव गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. संरक्षण, १९६६ पासून गृह, १९७० पासून अर्थ, १९७४ पासून परराष्ट्र, ही सारी खाती त्यांनी सांभाळली. ते पंतप्रधान व्हायला हवे होते, ही हळहळ मला फारशी भावत नाही. मला खटकते ते वेगळेच. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीत ते बंगळुरूला इंदिराजींना नको असलेल्या संजीव रेड्डींच्या बाजूने होते, आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिराजींबरोबर राहिले. आणीबाणीत, जयप्रकाशांसारखी माणसे तुरुंगात असताना, ते मंत्रिमंडळात शांत बसून राहिले. कुंपणावर बसण्याचा आरोप त्यांच्यावर झाला, तो विरोधकांनी द्वेषाने केला असे म्हणून मी उडवून लावू शकत नाही. जी सबुरी १९५७ मध्ये लोकांच्या इच्छेला वाट करून देण्यासाठी वापरली गेली, तीच १९७५ मध्ये नुसते थांबणे होऊन बसली. स्वभाव तोच होता. प्रतापगडाच्या वाटेवर लोक दिसत होते, आणि दिल्लीत बहुधा एकच दालन दिसत होते.

पुढचे सांगताना मला घाई होते, कारण ते वाचवत नाही. १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव, मग चरणसिंगांच्या अल्पकाळ टिकलेल्या सरकारात उपपंतप्रधानपद. १९८० च्या लाटेतही साताऱ्याने त्यांना निवडून दिले, आणि त्यानंतर ते पुन्हा इंदिराजींच्या पक्षात गेले. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत तेही गेले.

‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. मुंबईचा आणि दिल्लीचा भाग लिहायचा राहून गेला. त्यामुळे विठाई, तुरुंग, वेणूताई यांच्याविषयी ते स्वतः आपल्याशी बोलतात, आणि आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले होते, हे विचारायला गेलो की हाती कोरी पाने लागतात. गेल्या रविवारी कराडच्या प्रीतिसंगमावर गेलो होतो. समाधीपाशी एक शाळकरी मुलगा भाषणाची तयारी करत होता, आणि गोष्ट अर्थातच तीच, वर्गातली होती.