चेकसम जुळेना, आता डोकं फोडू का?

मंडळाच्या जत्रेतल्या नाटकाची जुनी डीव्हीडी, तिची कॉम्प्युटरवरची हुबेहूब नक्कल परत बनवतोय. काय बिघडलं असतं हो, नक्कल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने आजची तारीख आत कोंबली नसती तर?

फोल्डर तोच. डीव्हीडीतल्या फाइली त्याच: व्हीओबी त्याच, आयएफओ तेच, बीयूपी तेच. एकेक फाइल पडताळून घेतली, सगळ्या जुळल्या. मग आयएसओ बनवली (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, हिलाच इमेज म्हणतात), चेकसम काढला (फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक बाइट बदलला तरी बदलतो), तर मंडळाच्या जुन्या यादीशी काडीचा संबंध नाही! मूळ इमेज हार्ड डिस्कवर मधोमध खराब झालीय (फोंड्याचा पाऊस आणि देवळाच्या खोलीतलं लोखंडी कपाट, दुसरं काय होणार), पण सुरुवात शाबूत आहे. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बाइटला बाइट लावून बघितलं. सेक्टर (डिस्कचा छोटा कप्पा) नंबर १६, जिथे डिस्कचं नावगाव लिहिलेलं असतं. तिथे तारीख! वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वर सेकंदाचा शंभरावा भाग, असे सोळा आकडे. सतरावा बाइट टाइमझोनचा, पाव-पाव तासांच्या हिशेबात, म्हणजे आपला २२. तेवढा जुळला. उपकार झाले!

अरे, इमेज कधी बनवली हे विचारलं कोणी? नाटक कधी झालं ते विचारा, जत्रेची पत्रिका आहे माझ्याकडे. हातात शिक्का आला की दिसेल त्या कागदावर तारीख उमटवणाऱ्या कारकुनासारखं हे सॉफ्टवेअर. बरं, एकदा मारून थांबेल? यूडीएफ म्हणजे इमेजमधली फाइलींची दुसरी नोंदवही, तिच्या भागात परत तारखा. शिवाय स्वतःचं नाव आणि आवृत्तीही टाकतं, म्हणजे जुनीच आवृत्ती शोधा. शेवटी १५० सेक्टर शून्यं जोडायची की नाही, हेही तेव्हा जसं केलं होतं तसंच हवं.

झोरिसो नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला तारीख बाहेरून सांगता येते, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. पण त्याला यूडीएफ येत नाही, आणि डीव्हीडी-व्हिडिओला यूडीएफ लागतं. ज्याला येतं त्याला अक्कल नाही, ज्याला अक्कल आहे त्याला येत नाही. आमच्या मंडळाची कमिटीच जणू!

मग काय, कॉम्प्युटरचं घड्याळच २०११ सालात नेलं. ब्राउझर बोंबलायला लागला, सर्टिफिकेट चालत नाही म्हणे. मेल बंद. आणि मी रात्री एक वाजता, बोट एंटरवर ठेवून, तो नेमका सेकंद यायची वाट बघत बसलेलो. बायको पाणी प्यायला उठली. स्क्रीनवरची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. कारण हा चेकसम जगात तपासणारा मीच एकटा. बाकीच्यांना फक्त आपला झिलगा भालदार होऊन स्टेजवर येतो तो सीन हवा असतो, तोही मोबाइलवर.

सेकंद आला. एंटर दाबला. पाच मिनिटांनी लाइट गेली.

डिस्कवरूनच परत काढ ना, असं सांगणाऱ्यांना आधीच सांगतो: त्या डिस्कवर शूटिंगवाल्याने गोल कागदी लेबल चिकटवलंय. पावसाळ्यात ते फुगतं आणि डिस्क ड्राइव्हमध्ये खडखडते. हे लेबल ज्याने शोधलं त्याला सगळी डिस्क नखाने खरवडायला लावली पाहिजे. आणि जी डिस्क धड वाचली जाते, ती बर्न होताना सोळा-सोळा सेक्टरांच्या गठ्ठ्यात भरलेली असते, म्हणून परत काढलेल्या फाइलला शेपटी येते. ती कापायची. कापतो, तक्रार नाही. आहे!

तो पेनड्राइव्ह वेगळाच. फॅट फॉरमॅट, त्याला वेळ फक्त दोन-दोन सेकंदांत कळतो. त्याच्यावरून फिरून आलेल्या फाइलींचे विषम सेकंद गायब. इमेजमध्ये प्रत्येक फाइलची वेळ सेकंदापर्यंत लिहिलेली असते, म्हणजे तिथेही बोंब. भाचा म्हणतो, "मामा, क्लाउडवर टाक आणि सोड." टाकतो रे बाबा, पण काय टाकू? जुळत नसलेली?

आता नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, बाहेरून लावायच्या ड्राइव्हची वायर वीतभर, आणि मेनूमध्ये तो फिरणारा लाल गुलाब. पौराणिक नाटकाच्या डीव्हीडीत गुलाब! तोसुद्धा मला बाइट न बाइट जपून ठेवायचाय.