लाईट गेली आणि मी कॅज्युअल झालो

काल रात्री मला गिल्डमधून, म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्या आमच्या टोळीतून, काढलं. कारणाच्या जागी एकच शब्द होता : 'कॅज्युअल'.

झालं एवढंच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममधला रेड, म्हणजे सगळ्या टोळीने मिळून केलेली स्वारी, आणि समोर शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू. मी प्रीस्ट, टोळीचा हीलर, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवण्याची जबाबदारी माझी. बॉसचं रक्त उतरत आलं होतं आणि लाईट गेली. मालवण तालुक्यात जूनच्या वाऱ्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. स्क्रीन काळी होण्याआधी मला जे दिसलं ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे : जमिनीवर पेटलेला जांभळा जाळ आणि त्याच्या बरोब्बर मधोमध हात वर करून उभा असलेला माझा प्रीस्ट. तो तसाच मेला, त्याच्यामागून बाकीचे वीसेक जण मेले.

आमचा रेड लीडर पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला अंकल म्हणतो. निदान खुलासा तरी करावा म्हणून मी मोबाइल घेऊन खळ्यात आलो. आमच्याकडे रेंज फक्त तुळशीपाशी येते, तीही फोन डोक्यावर धरला तर. त्यामुळे स्पीकर लावणं भाग. आणि स्पीकर लावला की गडग्यापलीकडून बापूकाका येणं भाग.

"काय रे, अंधारात कोणाशी बोलतस?"

"लाईट गेलीय, बापूकाका."

"आमच्याकडे आसा. तुमचो फेज गेलो." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो आनंद असतो तो मुलाच्या लग्नातही नव्हता. "हो कोण, तुझो सायब?"

"नाही, रेड लीडर."

"पगार हो देता?"

"पगार नाही. आपणच महिन्याला पैसे भरतो."

बापूकाकांनी छत्री मिटली. "म्हंजे पैशे भरून शिये खातस? हापिसात फुकट गावतत मां?"

तेवढ्यात फोनमधून पुणं बोललं, "अंकल, पर्सनली घेऊ नका. पण तुम्ही कॅज्युअल आहात. तुमच्यासाठी एलएफआर आहे की!"

हे 'की' फार लागलं. एलएफआर म्हणजे लुकिंग फॉर रेड. २०११ च्या अखेरीस ही सोय आली. गेम स्वतःच पंचवीस अनोळखी माणसं गोळा करतो, बॉस मऊ करून देतो, आणि ज्याला गिल्ड नाही, वेळ नाही त्यालाही तो दिसतो. दिसतो एवढंच. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, 'चला चला' एवढंच टाइप करतात आणि संपलं की नमस्कारही न करता गायब. बक्षीसही हलकं. मला बॉस बघायचा नसतो हो, मारायचा असतो.

सवडीने खेळणारे कॅज्युअल आणि जीव तोडून खेळणारे हार्डकोर, ही दोन बाजूंची भांडणं गेमइतकीच जुनी आहेत. २००४ साली गेम आला तेव्हा मोल्टन कोअर नावाच्या रेडमध्ये शिरायला चाळीस माणसं लागायची. २००६ मध्ये नॅक्सरामस हा आणखी अवघड रेड आला, तर ते आतून बघितलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढं बांधायचं आणि कोणी बघायचंच नाही, हे न परवडून २००८ मध्ये तेच नॅक्सरामस दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा आणलं. झालं, जुने खेळाडू ओरडले की सगळं पोरखेळ केलात. मग २०१० मध्ये डंजन (रेडपेक्षा छोट्या मोहिमा) अवघड केली, तर माझ्यासारखे ओरडले. मग एलएफआर, पुन्हा ते ओरडले. शेवटी २०१९ मध्ये 'घ्या तुमचं जुनं' म्हणून क्लासिक काढलं, तेव्हा त्याच चाळीस जणांच्या मोल्टन कोअरचा एका गिल्डने पहिल्याच आठवड्यात फडशा पाडला. त्यावरची तक्रार? फार सोपं आहे!

रिचर्ड बार्टल नावाच्या गृहस्थाने १९९६ मध्येच खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांवर बसवून ठेवलेत. मिळवणारे चौकट, हिंडून उकरणारे इस्पिक, गप्पा मारणारे बदाम आणि दुसऱ्याला झोडणारे किलवर. मी शंभर टक्के इस्पिक. मला डोंगरामागे काय आहे ते बघायचं असतं. पण गिल्डमध्ये सगळी चौकटच भरलेली, आणि लीडर किलवर.

तर बापूकाका. मला वाटलं, आता हे पोराची खरडपट्टी काढणार. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला नाही, कारण रेंज गेली असती. माझा हात वरच, आणि ते माझ्या काखेशी तोंड आणून बोलले, "झिला, तुझा बरोबर आसा."

"काय?" मी आणि पुणं एकदम.

बापूकाका भजनातले पखवाजवाले. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असली की रात्रभर बैठक मोडत नाहीत. "बारी रंगात इली आणि पखवाजवालो उठान गेलो, तर बुवान काय करूचा?"

"एक्झॅक्टली, आजोबा!"

"मी उठून गेलो नाही, लाईट गेली!"

"बारीत पण लाईट जाता. आमी आधीच गॅसबत्ती पेटवन ठेवतंव."

मग दोघांचं जे जुळलं! पोरगा म्हणाला, नवा रेड आम्ही पंधरा दिवसांत संपवतो, पुढचे कित्येक महिने करायचं काय? बापूकाका म्हणाले, आताची बारीपण झटपट आटपतत, लोकांक दम नाय. पोरगा म्हणाला, कॅज्युअल लोक रडतात म्हणून सगळं सोपं होतं. बापूकाका म्हणाले, "ह्यो पयल्यापासून रडको." माझ्या कोपरावरून पागोळीचं पाणी शर्टात शिरत होतं. मध्येच त्यांनी "जेवलस काय रे?" विचारलं, आणि ज्या आवाजाने मला वर्षभर फक्त 'हील, हील' एवढंच ऐकवलं होतं तो लाजून म्हणाला, "नाही आजोबा, मेस बंद झाली."

कौशल्य लागत नाही असं मी म्हणत नाही. पण भरती करताना आधी काय विचारतात? हजेरी. सलग चार तास कोणी हाक न मारणारं घर आणि न जाणारी वीज. हार्डकोर म्हणजे ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे तो, बाकी सगळं नंतर. दिवसभर कर्जाचे हप्ते मोजून, आईची औषधं देऊन, दारं लावून, माणूस रात्री दोन तास कुठून तरी ओरबाडून काढतो आणि त्यात एकोणीस वर्षांचं पोरगं त्याला 'तुम्ही सिरियस नाही' म्हणतं. माझ्याइतकं सिरियस त्या गिल्डमध्ये कोणी नव्हतं. असो.

"आजोबा, तुम्ही रात्री साधारण किती वाजेपर्यंत जागे असता?" फोनमधून प्रश्न आला.

"माका दुसरा काय काम आसा?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. त्या शांततेतच मला संशय यायला हवा होता.

आज सकाळी मेसेज आला. मला परत घेण्याबद्दल त्यात अक्षर नाही. "अंकल, आजोबांची लाईट कुठल्या फेजवर आहे? आणि ते हीलर शिकतील का?"

बापूकाकांना मी अजून सांगितलेलं नाही. पण ते दुपारी येऊन माउस किती रुपयांना मिळतो ते विचारून गेले.