नराचा सूर बदलला तर ऐकणार कोण?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचा आशय असा: कीटकांत नराची हाक आणि मादीची पसंती कुलूप-किल्लीसारखी जुळलेली असते. जनुक बदलून एखाद्याची हाक बदलली, तर तिला दाद देणारी मादीच नसते आणि तो निर्वंश मरतो. हाक आणि पसंती एकदमच बदलायला हव्यात, आणि असा योगायोग अशक्य. सबब, या वाटेने नवी प्रजाती होऊच शकत नाही.

हाक एका झटक्यात बदलते, हे यातलं पहिलं गृहीतक. हवाईच्या मोठ्या बेटावर लाउपाला वंशाचे रातकिडे आहेत. त्यातल्या कोहालेन्सिस प्रजातीच्या गाण्यात सेकंदाला साधारण ३.७ ठोके पडतात, पॅरानिग्राच्या गाण्यात ०.७. एवढी तफावत एकाच जनुकाची करामत असेल, असं कुणालाही वाटेल. संशोधक केरी शॉ आणि सहकाऱ्यांनी दोघांचा संकर करून पाहिलं, तेव्हा ती अनेक जनुकांत विखुरलेली निघाली, प्रत्येकाचा वाटा छोटा. म्हणजे एखादं जनुक बदललं, तर निपजतो तो शेजाऱ्यांपेक्षा किंचित वेगळं गाणारा नर. त्याला मादी का मिळू नये? पसंतीलाही थोडी रुंदी असतेच. फार वेगळा सूर बहुधा नाकारला जातो, हे मात्र त्या मजकुरात बरोबर आहे.

आता योगायोगाचा मुद्दा, कारण खरा जोर तिथेच दिलाय. २००९ मध्ये याच रातकिड्यांत असं दिसलं, की नराच्या ठोक्यांवर आणि मादीच्या पसंतीवर परिणाम करणारे जनुकीय भाग गुणसूत्रावर एकाच पट्ट्यात आहेत. तिथे एकच जनुक दोन्ही कामं करतं, की दोन जनुकं शेजारी आहेत, हा वेगळा प्रश्न. दोन्ही परिस्थितींत हाक आणि पसंती सहसा एकत्रच वारशाने जातात.

यावरून ‘एकच जनुक लागतं’ असा उलटा नियम करणंही चूक. युरोपातल्या मक्याच्या खोडकिड्यात मादी कामगंध सोडते आणि नर तिला शोधत येतो (मजकुरातल्या भूमिका इथे उलट्या). एका वाणात गंधाच्या दोन घटकांचं प्रमाण ९७:३, दुसऱ्यात जवळपास १:९९. मिश्रण ठरवणारं जनुक २०१० मध्ये सापडलं. ते लिंग-गुणसूत्रावर (नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रावर) नाही. नराची पसंती ठरवणारं ‘बॅब’ हे जनुक २०२१ मध्ये हाती लागलं, आणि ते नेमकं लिंग-गुणसूत्रावर आहे. एकमेकांशी बांधलेली नसूनही दोन्ही वाणांत खूण आणि पसंतीची जोडी टिकून आहे, कारण मीलन बहुतेक आपापल्या वाणातच होतं आणि जुळणारी जनुकं पुढच्या पिढीत पुन्हा एकत्र येतात. संकर अधूनमधून होतो, म्हणून त्यांना सहसा एकाच प्रजातीत धरतात. प्रजाती फुटण्याची अर्धी वाट बघायची असेल तर ती इथे दिसते.

राहिला निर्वंशाचा मुद्दा. हवाईच्याच काउआई बेटावर टेलिओग्रिलस ओशियानिकस या रातकिड्यात एका उत्परिवर्तनाने नरांचे पंख सपाट झाले आणि आवाजच गेला. तिथली एक परजीवी माशी गाण्याचा माग काढून नरावर अळ्या सोडते. मुके नर तिच्या तावडीतून सुटले. उरल्यासुरल्या गाणाऱ्यांच्या आसपास थांबून, तिकडे येणाऱ्या माद्यांशी ते जुगतात. यातून नवी प्रजाती झाली असं कुणी म्हणत नाही. पण हाक बदललेला नर वंश ठेवत नाही, असा दावा होता, आणि इथे वीसपेक्षा कमी पिढ्यांत बेटावरचे बहुतेक नर मुके झाले.