पाटी अशी करा की वाचताच येऊ नये

बाणेरला कॅफे काढताय? उत्तम. कॉफीचं नंतर बघू, आधी फॉन्ट ठरवा. जाड, ठसठशीत अक्षर अजिबात नको. त्यानं तुम्हाला गिऱ्हाइकाची गरज आहे असा समज पसरतो, आणि पुण्यात दुकानदाराला ते शोभत नाही.

भौमितिक सॅन्स घ्या. कंपास-पट्टीनं काढल्यासारखं, टोकांना शेपट्या नसलेलं अक्षर. डिझायनरसमोर ‘पॉल रेनर, 1927, फ्युचुरा’ एवढंच पुटपुटा; म्हणजे असला फॉन्ट, तो काढणारा आणि साल. वर्तुळ जिथे दांड्याला भिडतं तिथे रेनरनं रेघ हळूच बारीक केली होती, नाहीतर तो सांधा डोळ्यांना जाड दिसतो, वगैरे खोलात शिरू नका. अपोलो 11नं 1969 साली चंद्रावर ठेवलेली पाटी फ्युचुरातच आहे, हे मात्र आवर्जून सांगा. तिथेही वाचायला कोणी फिरकत नाही.

मराठीसाठी पॉपिन्स नावाचा फॉन्ट आहेच. देवनागरी आणि रोमन एकाच घरात, वेट, म्हणजे अक्षराची जाडी, 100 ते 900, सगळं फुकट. तुम्ही 100वरच थांबा. बोरूच्या तिरक्या टोकामुळे आपल्या अक्षराला जाड-बारीक अंग आलं; ते लाड आता पुरे. रेघ सगळीकडे सारखी, केसाएवढी. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक तो काय, डोक्यावरची रेघ जराशी तुटते आणि तिथे एक वळसा येतो. रस्त्यापलीकडून तो कोणाच्या बापाला दिसणार? ‘भाजी-पोळी’चं ‘माजी पोळी’ होईल. होऊ द्या. कालची असेल तर खोटंही नाही.

रंग पांढऱ्यावर फिकट करडा. पाटीवाला कुरकुरेल: ‘‘साहेब, एवढ्या बारकात एलईडीची पट्टी बसत नाही.’’ मग व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिकचा कागद, कापून घ्या. जादा व्हिनाइल चिमट्यानं सोलताना त्याच्याबरोबर एखादी वेलांटी उपटून येते. याला ‘मिनिमलिझम’ म्हणतात. बिल तेवढंच येतं.

आता कायदा. महाराष्ट्राच्या दुकान कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर दुकानावर मराठी नाव देवनागरीत, आधी, आणि त्याचा आकार इतर भाषेपेक्षा लहान नको. आकार! जाडीबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा मराठी वर, वेट 100. इंग्रजी खाली, वेट 700. तपासायला कोणी आलंच तर फूटपट्टी लावून उंची मोजून दाखवा आणि मराठीवरच्या प्रेमाबद्दल दोन शब्द बोला. साहेबांना मराठी नाव सापडेपर्यंत कॉफी पाजा.

उद्‌घाटनानंतर लोक तुमच्याच दारात उभं राहून तुमचाच पत्ता विचारू लागतील. त्यावर उपाय सोपा आहे. एक ए-फोर कागद, जाड मार्कर आणि चिकटपट्टी: ‘कॅफे हाच. पुन्हा विचारू नये.’