‘वॉकिंग फूट लाव की’ म्हणणाऱ्यांनो, या, उसवायला बसा

परत जर कुणी मला ‘अगं, त्यात काय, वॉकिंग फूट लाव की’ असं सांगितलं ना, तर त्याच्या हातात रिपर देऊन ५५ शिवणी उसवायला बसवणार आहे. चहासुद्धा विचारणार नाही. (शिलाई मशीनवर कापड दाबून धरतो तो फूट, आणि वरचं कापडही खालच्याबरोबर चालवतो तो वॉकिंग फूट.) हा आकडा रागाच्या भरात फेकलेला नाही, मोजलेला आहे. गोधडीच्या पाच ओळी, एका ओळीत १२ चौकोन, म्हणजे ओळीला ११ शिवणी. करा गुणाकार.

झालं असं की भाचीला बाळ होणार आहे. नणंदेचा पुण्याहून फोन आला, ‘वहिनी, आईच्या साड्या तुझ्याकडेच आहेत ना, त्याची गोधडी कर बाळाला.’ केली असती हो हाताने, धावदोरा घालून, सासूबाई करायच्या तशी. पण वन्संनी मोबाइलवर फोटो पाठवला. सगळे चौकोन एकसारखे, कोपऱ्याला कोपरा असा भिडलेला की जणू छापलाय. ‘अशी हवी.’ मग काय, निघाली आमची मशीन.

कापड काय, तर सासूबाईंच्या दोन महेश्वरी आणि माझ्याकडचं उरलेलं बाग प्रिंट. बाग प्रिंट गुणी बाळ आहे. धार जिल्ह्यातल्या बागचं ते लाल-काळं सुती कापड, इस्त्री फिरवली की पाटासारखं पडून राहतं. महेश्वरी म्हणजे नुसती नवरी! उभा धागा रेशमी, आडवा सुती, हात लावला की सरकते, कापली की कडेने दशा निघतात. आमच्या इंदूरहून महेश्वर ९०-एक किलोमीटर, त्यामुळे इथे घरटी एक तरी महेश्वरी असतेच. पण ती नेसायला. अडीच इंचाचे चौकोन कापून एकमेकांना जोडायला ती कुणी विणलेली नाही, हे मला दुसऱ्याच ओळीला कळलं.

जोडणीचा हिशेब साधा आहे. चौकोन अडीच इंचाचा, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारी कड, शिवून झाल्यावर दिसतो दोन इंचाचा. आमच्या इकडचे टेलर इंचाचे आठ सूत धरतात, म्हणजे माया दोन सूत. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर दोन सुतांवर मी मास्किंग टेप चिकटवली, तिच्या कडेला कापड लावलं आणि हाणली टीप. पहिल्या दोन ओळी अगदी साडेचोवीस इंच भरल्या. टेपने तीनदा मोजल्या. यांना बोलावून दाखवल्या. हे म्हणाले ‘वा’, आणि परत क्रिकेट.

मग त्या दोन ओळी एकमेकींना जोडायला घेतल्या आणि तिथे माशी शिंकली. टाचण्या लावल्या होत्या, तरी शेवटाला पोचेपर्यंत वरची ओळ दोन सूत पुढे लोंबत होती. पुन्हा उसवलं, पुन्हा तेच. कारण सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. मशीनचे दाते असतात खाली. ते खालच्या कापडाला पकडून मागे नेतात. वरच्या कापडाला कोण नेतं? कुणीच नाही. ते फूटच्या तळव्याखाली दाबलं जाऊन घासत, रेंगाळत येतं, आणि थोडं थोडं पुढे ढकललं जातं. सुती-सुती असेल तर एकमेकांना धरून चालतात. रेशमी धाग्यावर रेशमी धागा आला की खालचा गेला पुढच्या गावाला आणि वरचा अजून स्टँडवर.

हे मी वन्संना सांगितलं, हीच माझी चूक. ‘अगं वहिनी, वॉकिंग फूट लाव की! सगळं आपोआप येतं.’

हे ‘आपोआप’ लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी शीतलामाता बाजारात. लग्नसराईची गर्दी, साड्यांच्या दुकानांतून पोरं ‘आओ दीदी, बैठो दीदी’ करतायत, आणि मी शिलाईच्या सामानाचं दुकान शोधत वॉकिंग फूट मागतेय. पहिल्या दुकानात तो म्हणाला, ‘आंटी, पैर वाला आइटम? पैडल चाहिए क्या?’ दुसऱ्याने चेन लावायचा फूट हातात ठेवला आणि ‘यही है’ म्हणून ठाम सांगितलं. मी म्हटलं, ‘भिया, ये तो ज़िप वाला है.’ तर म्हणे, ‘इससे सब हो जाता है.’ सब हो जाता है! या शहरात बाकी खरंच सगळं होतं. रात्री दोन वाजता सराफ्यात तळलेला गराडू कंद मिळतो, २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिरवलाय आम्ही, पण एक फूट मिळेना.

आणि गंमत बघा, ज्याला कळलं तो निघाला स्कूटरच्या सीटवाला. यांच्या स्कूटरची सीट फाटली होती म्हणून गेलो होतो. त्याच्या मशीनकडे बघते तर फूट नुसता दाबून बसलेला नाही, पाऊल टाकत चाललाय, टक-टक, टक-टक. मी विचारलं, तर रेग्झिनवरून नजर न काढता म्हणाला, ‘ऊपर वाला भी चलता है दीदी, नहीं तो नीचे वाला भाग जाता है.’ एका वाक्यात! कापडाच्या बाजारात अख्खी दुपार घालवून जे मिळालं नाही, ते इथे फोमच्या ढिगात बसलेल्या माणसाने सांगितलं. त्याच्या फूटशेजारी मशीनच्या पाटावर एक लोखंडी पट्टीही स्क्रूने घट्ट बसवलेली होती, तिला टेकवून तो रेग्झिनची कड सरकवत होता. ती पट्टी मी बघितली, आणि सीट काळी घ्यायची की तपकिरी यावर यांच्याशी भांडायला लागले. तेव्हाच जरा डोकं चालवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

शेवटी ऑनलाइन मागवला. वर्णनात ‘सगळ्या मशीनना बसतो’. आला तो बसेचना. सुईच्या पत्र्यापासून फूटच्या स्क्रूपर्यंतची उंची काही मशीनना पाऊण इंच असते, काहींना सव्वा इंच. माझी पाऊण इंचवाली, आलेला फूट सव्वा इंचवाला. हा फरक त्या वर्णनात एका ओळीत लिहायला काय पैसे पडतात का? परत पाठवला, दुसरा मागवला, आठवडा गेला. तिकडून रोज फोन, ‘कुठवर आली गं गोधडी?’ भाचीला सातवा लागला होता.

दुसरा बसला. म्हणजे बसवला. आधीचा फूट काढायचा, तो ज्यावर खटकन बसतो तो खुंटही पेचकसाने सोडवायचा, मग हा मिक्सरच्या भांड्याएवढा वाटणारा ऐवज त्या जागी धरायचा, एका हाताने स्क्रू आवळायचा, आणि वर त्याला एक दांडा असतो दोन बोटांचा, तो सुई आवळायच्या स्क्रूवर अडकवायचा. तो दांडाच तर सगळं काम करतो. सुई वर-खाली झाली की दांडा हलतो, आणि फूटच्या तळाला असलेले स्वतःचे दाते वरच्या कापडाला धरून खालच्या दात्यांबरोबर मागे नेतात. पहिल्यांदा मी तो दांडा स्क्रूच्या खालीच ठेवला. अर्धा तास शिवलं, फूट चाललाच नाही, नुसता फरपटत गेला. कागदावर सूचना होत्या, मुंगीच्या अक्षरात, आणि चित्रात दांडा कुठे आहे ते शोधायला बाहेर उन्हात जावं लागलं.

आणि आवाज! खडखडखडखड. हे बाहेरून विचारतात, ‘कोण आलंय का?’ कोण येणार रात्री दहाला, तुमची बहीण आली असती तर बरं झालं असतं.

पण एक सांगते, खोटं बोलणार नाही, दोन थर सरकणं थांबलं. महेश्वरीवर महेश्वरी, शेवटाला दोन्ही कडा बरोबर. मी इतकी खूश झाले की त्या भरात तीन ते सात अशा पाच ओळी दोन रात्रींत शिवल्या. हे खडखडत्या यंत्रावर, हळूहळू, कारण वेगात घेतलं की तो थरथरतो. उलटी टीप मारायची नाही असंही लिहिलेलं, वरचे दाते एकाच दिशेला नेतात ना. तिच्यावाचून काही अडत नव्हतं, पुढची आडवी शिवण वरून आली की टोकं बांधली जातात.

मग तिसरी ओळ दुसरीवर ठेवली.

पहिला कोपरा जुळला. दुसरा एका सुताने चुकला. तिसरा दोन सुतांनी. शेवटच्या चौकोनापर्यंत आले तर वरच्या ओळीचा शेवट खालचीच्या शेवटाला सोडून कुठेतरी आत उभा. टेप लावली. तेवीस इंच एक सूत! साडेचोवीसच्या जागी. मला वाटलं चौकोनच मोजायला चुकले. मोजले. बाराच.

रात्री पावणेबाराला मी भिंग घेऊन मशीनपाशी. आणि मग दिसलं. ही फूटची बया एवढी रुंद आहे की माझी दोन सुतांची मास्किंग टेप तिच्या पोटाखाली गेली होती. मी काय केलं, तर सवयीने कापडाची कड फूटच्या उजव्या कडेला लावून शिवत गेले. आणि ती कड सुईपासून दोन सूत नव्हे, अडीच सूत! अर्धा सूत. डोळ्याला दिसत नाही, नखात मावतो. पण शिवणीला कापडं दोन, म्हणजे एका शिवणीत एक सूत गिळला. अकरा शिवणी, अकरा सूत. साडेचोवीसातून अकरा सूत वजा करा, तेवीस इंच एक सूत येतं की नाही? हिशेब चोख, डोकं गरम.

आता मला सांगा, एवढ्या व्हिडिओंत, एवढ्या ‘लाव की’मध्ये, हे कुणीच का सांगू नये? वॉकिंग फूटचं काम दोन थरांना एका चालीने चालवायचं. मायेचं माप राखणं हे त्याचं कामच नाही. बऱ्याच वॉकिंग फूटची कड पाव इंचावर नसतेच, आणि तो दिसायला इतका अवजड की सुईचं टोक बघायला मान वाकडी करावी लागते. सोबत एक वाकडी दांडी देतात, मला वाटलं हीच ती मापाची. तर ती गोधडीवर समांतर टिपा मारायची. पाव इंचाला तिचा काय उपयोग, कपाळ?

मग मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडून बघितल्या. माया बरोबर असेल तर मधली पट्टी नेमकी एक इंच दिसली पाहिजे. दिसली पाऊण इंचाच्या जरा वर. मग फूटच्या पुढे, त्याच्या पोटाखाली नाही, पाटावर चार पदरी मास्किंग टेपची भिंत केली, सुईच्या रेषेपासून दोन सुतांहून एक धागा कमी. तो एक धागा का, तर शिवण दुमडून इस्त्री केली की घडीत तेवढं कापड जातं. पुन्हा तीन पट्ट्या. मधली एक इंच. बरोब्बर. त्या लोखंडी पट्टीचं माझं हे कागदी भावंड. सीटवाल्याला दाखवलं असतं तर हसला असता.

आणि छोट्या चौकोनांना तर हा फूट मी काढूनच ठेवलाय. अडीच इंचात सरकून सरकून कापड किती सरकणार? साध्या फूटने होतात, खळ लावून कडक इस्त्री केली की महेश्वरीसुद्धा माणसात येते. एका ओळीची माया डावीकडे दाबायची, पुढचीची उजवीकडे, म्हणजे कोपऱ्यावर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोटांना कळतं. वॉकिंग फूट फक्त साडेचोवीस इंची लांब जोडणीला. म्हणजे १४ ओळींच्या गोधडीत १५४ छोट्या शिवणींना नाही, १३ लांब शिवणींना. त्यासाठी मी दोन वेळा पार्सल, एक आठवडा आणि शीतलामाता बाजारातली ती दुपार घालवली.

पैशांचं मी बोलतच नाहीये. मी बोलतेय त्या भोकांचं. सुती कापड उसवलं, पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली की भोकं मिटतात. महेश्वरीला टोचलेली सुई दिसते. आणि ते कापड बाजारात जाऊन आणण्यासारखं नाही, ती साडी आता नाही, नेसणारी पण नाही. जांभळ्या किनारीचा तुकडा तर जेमतेम नऊ चौकोनांपुरता होता. त्यातले चार या पाच ओळींत आहेत. उजेडाला धरले की कडेने ठिपक्यांची रांग दिसते, मुंग्या चालल्यासारखी. आता त्या रेषेच्या आत नवी टीप बसणार नाही, माया कमी घ्यायची म्हणजे जुनी भोकं बाहेरच्या बाजूला, दर्शनी भागात येणार. बघा कसं आहे ते. चूक जास्त मायेची, आणि तिची शिक्षा दर्शनी.

तीन ओळी उसवून झाल्यात. जमिनीवर दोऱ्यांचा गालिचा झालाय, सकाळी कचरागाडी आली की या चिंध्या सुक्यात टाकायच्या म्हणून वेगळी पिशवी करून ठेवलीय. दोन ओळी बाकी आहेत.

आणि खरा संताप कशाचा येतो माहितीये? पुढे मधे रुई घालून, खाली अस्तर लावून तिन्ही थरांवर वरून टिपा मारायच्या आहेत. तिथे हा खडखड्या खरंच लागणार. तो जन्मलाच त्यासाठी आहे. तेव्हा तो मशीनला लावलेला दिसेल, मी फोटो पाठवीन, आणि पुण्याहून उत्तर येईल, ‘बघ वहिनी, मी म्हटलं नव्हतं?’