धूळ लागता कामा नये

रिमोटवरच्या जुन्या बग्ग्यांची, म्हणजे मातीत-खडबडीत पळवायच्या खेळण्यातल्या गाड्यांची, शर्यत भरवायची म्हणजे बॅटरी चार्ज करायची आणि गाडी सोडायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या मंडळींना एकदा भेटावं. यांना शर्यत हवी असते. फक्त गाडीला ओरखडा पडता कामा नये.

पहिलं झेंगट जागेचं. किनाऱ्यावर कुणी यायला तयार नाही. बारीक खारी वाळू गिअरबॉक्समध्ये शिरली की बेअरिंगचे बारा वाजतात. तामिया या जपानी खेळणी कंपनीने १९७९ साली एका बग्गीचं नाव ‘सँड स्कॉर्चर’ ठेवलं, ते ठेवणाऱ्याला मिरामारची हवा माहीत नसावी. पावसाळ्यात तर विषयच नको. राहता राहिला भातकापणीनंतरचा मळा. तिथे संध्याकाळी फुटबॉलची पोरं येतात, आणि गोव्यात त्यांना ‘जरा बाजूला व्हा रे’ म्हणायला पंचसुद्धा धजत नाही. म्हणून आम्ही भर उन्हात.

मग ‘जुनी’ कशाला म्हणायचं? हॉर्नेट ही बग्गी १९८४ ची, पण तामियाने २००४ मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली. डिचोलीच्या मास्तरांची मूळची, खोक्यासकट. “नवी चालणार असेल तर मी हे खोकं इतकी वर्षं माळ्यावर कशाला सांभाळलं?” या प्रश्नाला आयोजकाकडे उत्तर नसतं. चहा असतो.

खरी मेख क्रिस्टलची, म्हणजे रिमोट कोणत्या लहरीवर चालणार ते ठरवणाऱ्या छोट्याशा तुकड्याची. जुने रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यात तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा अशा रंगांनी ओळखले जाणारे सहा पट्टे. एकाच रंगाचे दोन रिमोट चालू झाले की कुणाची गाडी कोण चालवतो ते देवालाही कळत नाही. म्हणून मी फळीवर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावतो. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. तपकिरी चिमटा बाजारात मिळत नाही, तो आमच्या हिने नेलपॉलिशने रंगवून दिला, वर “पोरांचे खेळ बरे” असंही ऐकवलं. तरी डॉक्टरांनी “फक्त चेक करतो हं” म्हणत बिनचिमट्याचं बटण दाबलंच. मास्तरांची हॉर्नेट बांध ओलांडून थेट म्हशीच्या पायात. म्हैस ढिम्म. मास्तर मात्र अजून डॉक्टरांशी बोलत नाहीत.

आता नवे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट घेतले तर ही कटकटच मिटते. पण या मंडळींत तसं सुचवणं म्हणजे श्रावणी सोमवारी सुंगटांची चौकशी करण्यासारखं.

एकजण आरसी१० नावाची बग्गी आणतात. १९८५ च्या जागतिक स्पर्धेत जिंकलेलं मॉडेल. टर्किश टॉवेलातून काढतात, टेबलावर ठेवतात, पुसतात. “उतरवा की मैदानात!” म्हटलं तर म्हणतात, “धूळ आहे हो.” बग्गी ऑफ-रोडची!

त्यांचं बघून बाकीचेही टेबलाकडे वळले. धावायला तयार असे दोघेच उरले, दोघांचाही क्रिस्टल लाल. क्रिस्टल दोन मिनिटांत बदलता येतो. पण मास्तर म्हणाले, “बदलला तर गाडी ओरिजिनल कुठे राहिली?”